पिवळी वायर

"खलास! गाडी बिक गया," लैलाखाला म्हणाल्या, आणि फाटकात उभ्या असलेल्या त्या उंच मुलाचा चेहरा असा काही उतरला, की मुक्ताला वाटलं, आपण याच्या तोंडचा घासच काढून घेतला.

"आई गं... बिचारा," ती स्वतःशीच पुटपुटली.

"ऐकू आलं मला," मुलगा म्हणाला. चक्क मराठीत!

मुक्ताने जीभ चावली. कुवेतमध्ये हे असंच होतं. आपण आपल्या भाषेत बिनधास्त बोलावं, आणि शेजारी उभा असलेला माणूस नेमका नाशिकचा निघावा.

डिसेंबरातली सकाळ होती, ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारी. जहरामधल्या त्या जुन्या घराच्या अंगणात, बोरीच्या झाडाखाली, ती गाडी उभी होती. उभी कसली, बसलीच होती – चारही टायर जमिनीला टेकलेले. पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकन, दोन दारांची, लांबच लांब नाकाची. खालांच्या नवऱ्याने हौसेने तिची हॉट रॉड केली होती. बॉनेट कापून इंजिन बाहेर काढलेलं, मागचे टायर रणगाड्याला शोभतील एवढे रुंद, आणि सायलेन्सर... तो नव्हताच. नवरा गेला, आणि तेव्हापासून नऊ वर्षं गाडीवर नुसती बोरं पडत होती. रंग एके काळी नारिंगी असावा, असा नुसता अंदाज करायचा.

बँकेच्या आयटी विभागात दिवसभर पडद्याकडे डोळे लावून बसणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलीला जी आवडायला नको, नेमकी तशी ती गाडी. मुक्ताला ती बघताक्षणी आवडली होती.

"खाला, दो साल से पूछ रहा हूँ मैं!" मुलगा कळवळून म्हणाला. "हर बार आप बोलीं, नहीं बेचना."

"तुम हर बार क्या पूछा?" खालांनी कमरेवर हात ठेवले. "इंजन कैसा, गियर कैसा. ये बिंत, ये लड़की आया, पहले पूछा – खाला, आपके शौहर का नाम क्या था?"

मुलगा हळूच मुक्ताकडे वळून म्हणाला, "काय होतं?"

"याकूब."

"छान नाव आहे." त्याने एक मोठा सुस्कारा सोडला. "बरं, अभिनंदन. नेणार कशी?"

"चालवत."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त गाडीकडे बघत म्हणाला, "बॅटरी नाही. टाकीत गंज आहे. वायरिंग उंदरांनी खाल्लंय. आणि सीटखाली एक मांजर राहते, तिची चार पिल्लं आहेत."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"दोन वर्षं बघतोय. कधी फाटकातून, कधी गाडीखाली वाकून. आणि प्लीज, 'तुम्ही' म्हणू नका. गाडी गेल्याचं दुःख आहेच, त्यात वय कशाला वाढवता?" मग तो थोडा घुटमळला. "सुलैबियात माहीनइक्कांचं, म्हणजे केरळच्या माहीनदादांचं, गॅरेज आहे. ते गाडी उचलून नेतील. मी... मी दर शुक्रवारी तिथे असतो."

"मेकॅनिक आहेस?"

"रविवार ते गुरुवार अहमदीला तेल कंपनीत इंजिनिअर. शुक्रवारी मेकॅनिक. सलील."

"मुक्ता," ती म्हणाली. आणि मांजराच्या पिल्लांना खालांच्या व्हरांड्यात हलवायला ती दोघं वाकली, तेव्हा त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. खणखणीत. खाला हसून हसून फाटकाला टेकल्या.

*

"तू भंगार विकत घेतलंस," बाबा म्हणाले.

उल्हासराव हिशेबनीस माणूस. आवाज न चढवता बोलायचे, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागायचं. सालमियातल्या फ्लॅटच्या बाल्कनीतून त्यांनी खाली आपली पांढरी, शहाणी, दर वर्षी धुऊनपुसून विमा भरलेली गाडी दाखवली. "ती बघ. तिला गाडी म्हणतात."

"बाबा, ती गाडी नाही, फ्रिज आहे. चाकं असलेला."

"मुक्ते!" आतून आईचा, सुजाताबाईंचा आवाज आला. पण तो हसतच आला.

"हे बघ," बाबा म्हणाले. "तुझ्या त्या गाडीचं दफ्तर त्या बाई आजवर वाढवत आल्या, ते मार्चअखेर संपतंय. तोवर ती फहसमध्ये पास झाली, तर तुझ्या नावावर होईल. नाही झाली, तर नंबर रद्द. मग मी स्वतः ट्रक बोलावून सकराबमध्ये पाठवणार. कबूल?"

दफ्तर म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, फहस म्हणजे सरकारी तपासणी, आणि सकराब म्हणजे वाळवंटाच्या कडेचं ते भंगाराचं मैदान, जिथे गेलेली गाडी चौकोनी होऊनच बाहेर येते. मुक्ताच्या डोळ्यांसमोर नारिंगी चौकोन आला.

"कबूल."

*

मग सुरू झाले शुक्रवार.

पहिले दोन-तीन नुसते घासण्यात गेले. टाकीतला गंज, कार्बुरेटरमधला चिकट गाळ, दारांच्या बिजागऱ्यांतली वाळू. मुक्ताच्या नखांखाली काळं बसलं ते बसलंच. सोमवारच्या मीटिंगमध्ये ती हात टेबलाखाली ठेवायची, आणि उगाचच खूश असायची.

मग खरी कामं निघाली. कुवेतच्या उन्हात जुना रेडिएटर दहा मिनिटांत उकळला असता, म्हणून दुप्पट जाडीचा नवा आला, त्याच्यापुढे विजेचे दोन पंखे. पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक. वायरिंग मुळापासून नवीन. ते काम सलीलने मुक्ताला शिकवलं, आणि तिने ते असं उचललं की माहीनइक्का आपल्या माणसांना बोलावून दाखवायचे, "देखो, बँकवाली का हाथ देखो."

रुंद टायर मडगार्डबाहेर येत होते, ते फहसवाले चालू देणार नाहीत म्हणून काढले. सायलेन्सरवरून मात्र दोन शुक्रवार युद्ध झालं.

"सायलेन्सर लावला तर ती हॉट रॉड कसली?" मुक्ता म्हणाली.

"आणि नाही लावला तर पोलीस उचलून नेतील. मग ती तुझी कसली?"

"तुझं म्हणणं नेहमी बरोबरच का असतं रे?"

"नेहमी कुठे? फक्त शुक्रवारी."

जानेवारीत एका शुक्रवारी ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायची होती. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं. दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून छोटा नट सैल करायचा, हवेचे बुडबुडे निघाले की आवळायचा, आणि मगच पहिल्याने पेडल सोडायचं. जरा आधी सोडलं की सगळी हवा परत आत. गाडीच्या आतून बाहेरचा दिसत नाही, बाहेरून आतला दिसत नाही. नुसत्या आवाजावर सगळं चालतं.

"दाब," गाडीखालून आवाज आला.

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"...धरलंयस ना?"

"अरे हो! माझा पाय, माझी गाडी, मी कशाला सोडू?"

"सोड."

"काय?"

"पेडल गं."

तेवढ्यात बाहेर पाऊस आला. इथला पाऊस वर्षातून चार वेळा येतो, पण येतो तेव्हा काही राखून ठेवत नाही. गॅरेजच्या पत्र्यावर नुसता ताशा सुरू झाला. ओल्या मातीचा वास, ग्रीसचा वास, कोपऱ्यात उकळणाऱ्या चहातल्या वेलचीचा वास... तिसरं चाक झालं. चौथं सुरू झालं.

"दाब. धर."

मुक्ताने धरलं. पाऊस वाजत राहिला. पाय भरून आला, तरी गाडीखालून काही नाही.

"सलील?"

"हं."

"नट आवळलास?"

"केव्हाच."

"मग 'सोड' म्हणत का नाहीस?"

पत्र्यावरचा ताशा आणखी वाढला.

"विसरलो," तो म्हणाला.

तो बाहेर सरकला तेव्हा त्याच्या गालावर ब्रेक ऑइलचा डाग होता. मुक्ताने फडकं पुढे केलं. त्याने ते घेतलं... आणि दोघांचीही बोटं फडक्यावरून निघायला जरा जास्तच वेळ लागला.

"सलील!" चहाचे ग्लास घेऊन आलेले माहीनइक्का म्हणाले. "एक छोटा गाडी का हवा निकालने को दो घंटा? मैं इतने में पूरा बस का निकालता हूँ!"

"बारिश थी, इक्का."

"बारिश बाहर थी, मोने." मोने म्हणजे मल्याळीत बाळा. "ब्रेक अंदर था."

मुक्ताने चहाच्या ग्लासात तोंड लपवलं. चहा फारच गरम होता. निदान गाल लाल होण्याचं तेवढंच कारण तिने स्वतःला दिलं.

*

मार्चमध्ये रमजान लागला. माहीनइक्का दिवसभर उपाशी, पाण्याचा थेंब नाही, तरी पान्हा हातातच. त्यांच्यासमोर आपण कसं पाणी प्यायचं, म्हणून मुक्ता आणि सलीलही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तहानलेले राहायचे. मग मगरिबची अजान व्हायची, गाडीच्याच डिकीवर वर्तमानपत्र पसरलं जायचं, आणि सगळे मिळून खजूर खायचे. तो पहिला खजूर! मुक्ताला वाटायचं, जगात याहून गोड काही नसेल. मग सलील बिया गोळा करायला तिच्यापुढे हाताची ओंजळ धरायचा, आणि तिला वाटायचं, असेलही.

कामाच्या शेवटच्या शुक्रवारी खजूर खाऊन झाल्यावर इक्कांनी इंजिन चालू केलं. ते गुरगुरलं, आणि मग एका लयीत, तृप्त मांजरासारखं घुमायला लागलं. नव्या नारिंगी रंगावर ट्यूबलाइट चमकत होती. इक्कांनी एकेक गोष्ट तपासली आणि हात पुसले.

"खतम. अब कुछ बाकी नहीं. थर्सडे को फहस ले जाओ."

कुछ बाकी नहीं... मुक्ताला आनंद व्हायला हवा होता. तिने तो शोधलासुद्धा. पण छातीत कुठेतरी एक नट फार आवळला गेला होता.

"मग... गुरुवारी," ती म्हणाली.

"हो, गुरुवारी." सलील हात धूत होता. धूतच होता.

"आणि मग?"

त्याने नळ बंद केला. तिच्याकडे बघितलं. काहीतरी म्हणणार, म्हणणार... "मग गाडी तुझी," तो म्हणाला, आणि टॉवेल शोधायला आत गेला.

गाडी तुझी! आणि बाकीचं? बाकीचं कुणाचं?

मुक्ता पर्स घ्यायला म्हणून गाडीत बसली. आजूबाजूला कोणी नव्हतं. हे पाप आहे, हे तिला कळत होतं. तरी तिचा हात डॅशबोर्डखाली गेला, हीटरच्या नळीमागे, जिथे तिने स्वतःच जोडलेली हॉर्नची पिवळी वायर होती. खट्. आली हातात. तिने उघड्या टोकाला टेप गुंडाळली, वायर मागे दडवली आणि शहाण्या मुलीसारखी बाहेर आली.

सगळं गणित पक्कं होतं. गुरुवारी एवढ्याशा गोष्टीसाठी गाडी नापास होईल. घाईत कुणाला ही वायर सापडायची नाही. शुक्रवारी गॅरेजमध्ये 'शोधू'. रविवारी पुन्हा नेऊ, पास करून आणू. घरच्या फ्रिजवर लावलेल्या, आत्याने पुण्याहून पाठवलेल्या कॅलेंडरात तिने नीट बघितलं होतं – रविवारी पाडवा, सोमवारी ईद. पाडव्याला काही इथली ऑफिसं बंद नसतात. बँकेतून सुट्ट्यांचं पत्रकही आलं होतं, पण ते तिने उघडलंच नव्हतं. एवढ्यात गाडी सोडून काही वाचायचं, हे तिला जमतच नव्हतं.

फक्त एक शुक्रवार. एकच. जास्त कुठे मागत होती ती?

*

गुरुवारी फहसच्या रांगेत सगळ्या माना नारिंगी गाडीकडे वळल्या. मुक्ता ताठ बसून चालवत होती, शेजारी सलील. तपासनीस तरुण होता, उपासाने डोळे जड झालेले, पण इंजिन बघून ते उघडले. "माशाल्ला!"

दिवे ठीक. ब्रेक लावला तर गाडी सुतासारखी सरळ थांबली. टायर ठीक. धूर ठीक. मग त्याने खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला.

काही नाही. त्याने पुन्हा दाबला.

"हॉर्न माफी," तो मान हलवत म्हणाला. हॉर्न नाही.

"ओह!" मुक्ता म्हणाली. आरशासमोर तिने हा 'ओह' चार वेळा करून बघितला होता. "संडे को लेके आते हैं."

"संडे?" तो हसला. "सिस्टर, संडे ईद है."

"नहीं नहीं, ईद मंडे को है."

"मंडे इंडिया में. इधर चाँद एक दिन पहले. संडे, मंडे, ट्यूसडे – सब बंद." त्याने कागद बघितला. "तुम्हारा दफ्तर मंडे को खलास. आज डेढ़ बजे तक ठीक करो, बस."

पुण्याचं कॅलेंडर! पुण्याचा चंद्र! एवढी वर्षं कुवेतमध्ये काढून तिने ईद पुण्यातल्या कॅलेंडरात बघितली होती! घड्याळात एक वाजून गेला होता.

गाडी बाजूच्या सावलीत घेतली. सलीलने शांतपणे मीटर काढला. फ्यूज तपासला. "ठीक आहे." रिले तपासला. "हाही ठीक." पाच मिनिटं गेली. दहा गेली. तो एकेक वायर अशी निवांत बघत होता, जणू गवारच निवडतोय.

मुक्ता उन्हात उभी होती. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. 'मी काढली' म्हटलं की पुढचा प्रश्न 'का', आणि त्या 'का'ला उत्तर एकच होतं. नाही सांगितलं, तर लाज वाचेल... आणि गाडी चौकोनी होईल. याकूबकाकांची, खालांची. तिची. चार महिन्यांचे सगळे शुक्रवार त्या पत्र्यात दाबून.

"सलील," ती म्हणाली.

"हं."

"स्टीअरिंगच्या डावीकडे. हीटरच्या नळीमागे. पिवळी वायर आहे."

मीटर थांबला. "तुला कसं माहीत?"

"मी काढली. शुक्रवारी."

"का?"

आलाच तो 'का'! मुक्ताने डोळे मिटले, आणि एका दमात बोलून टाकलं, "कारण गाडी झाली असती. आणि गाडी झाली असती तर शुक्रवार संपले असते, आणि मला गाडी हवीच होती, पण शुक्रवार... शुक्रवार जास्त हवे होते. तुझ्यासकट. झालं? आता आधी जोड, पंधरा मिनिटं उरलीत. हसायचं ते नंतर हस!"

हसण्याचा आवाज आला नाही. तिने एक डोळा उघडला. सलील तिच्याकडेच बघत होता, आणि बघता बघता त्याने हात डॅशबोर्डखाली घातला. तो हात कुठेही न अडखळता, न चाचपता, सरळ आत गेला आणि पिवळी वायर घेऊन बाहेर आला.

मुक्ताने दुसराही डोळा उघडला. "तू... बघितलंससुद्धा नाहीस. तुला कसं सापडलं?"

"काल टायरमधली हवा बघायला गेलो होतो. हॉर्न वाजवून बघितला."

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"आपोआप सुटलेल्या वायरला टेप लागत नाही, मुक्ता. आणि सोलायला सोपं जावं म्हणून टेपचं टोक दुमडून ठेवणारी कुवेतमध्ये दोनच माणसं आहेत. एक मी." त्याने ते दुमडलेलं टोक धरून टेप सोलली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "जोडणार होतो खरं तर. मग वाटलं... असू दे. मलाही एक शुक्रवार हवा होता; ईद माझ्याही डोक्यातून गेली."

"आणि आत्ता? इतका वेळ मीटर घेऊन काय शोधत होतास?"

"तू सांगतेस का, ते."

"नसतं सांगितलं तर?"

"एक पंचवीसला मला 'अचानक' सापडली असती. तिला भंगारात जाऊ दिलं असतं, असं वाटलं तुला? आधी दोन वर्षं तिच्यावर प्रेम केलंय मी."

"तिच्यावर," मुक्ता म्हणाली. "आणि?"

त्याने वायर जोडली. वर बघितलं. ब्रेकची हवा काढताना पुढचा शब्द विसरला होता, तसा आता विसरला नाही.

"तुझ्यावर डिसेंबरपासून. डोकं आपटलं तेव्हापासून."

मुक्ताला काय करावं कळेना. मिठी मारायची ही जागा नव्हती, वेळही नव्हती, आणि समोर रांगेतले वीसएक ड्रायव्हर टक लावून बघत होते. म्हणून तिने खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबला. जोरात. लांबच लांब. जुन्या अमेरिकन गाडीचा तो भोंगा अख्ख्या आवारात असा घुमला, की तपासनिसाच्या हातातला शिक्का खाली पडला.

"बस, बस!" तो ओरडला. "पास! पास!"

*

"पास झाली का?" फोनवर बाबा.

"झाली, बाबा! कागदसुद्धा मिळाले!" मुक्ता ओरडली. सायलेन्सर असूनही ओरडावंच लागत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळवंट हिवाळ्याच्या पावसाने अजून हिरवट होतं, आणि गाडी त्यातून नारिंगी रेघ ओढत निघाली होती. फोन डॅशबोर्डवर, हात स्टीअरिंगवर.

बाबांनी घसा खाकरला. मग, "छान. छानच केलंस. म्हणजे आता ती आपल्या पार्किंगमध्ये."

"हो. आणि बाबा... रविवारी पाडव्याला एक जण जेवायला येईल."

"कोण? ते गॅरेजवाले माहीन?"

"त्यांची ईद आहे ना, बाबा, रविवारी. ईद रविवारी आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"सगळ्या कुवेतला माहीत आहे. मग कोण?"

मुक्ताने एकवार शेजारी बघितलं. "सलील."

"तो शुक्रवारवाला?"

"आता रविवारवालासुद्धा."

फोनमध्ये खुडबुड झाली, आणि आईचा आवाज आला. "मुक्ते, त्याला श्रीखंड आवडतं का विचार. आणि हे बघ, तुझ्या बाबांना आत्ता कळलंय, मला त्या ब्रेकच्या पावसापासून माहीत आहे. भिजली नव्हतीस, तरी गाणी म्हणत घरात शिरली होतीस..."

"आई! स्पीकरवर आहेस तू!"

मग बाबांनीच फोन ठेवला.

सलीलला कुठे बघावं कळेना. तोंड लपवायला तो खिडकीकडे वळला, वारा फार येतोय असं काहीसं पुटपुटला, आणि काच वर करायला हँडल फिरवलं. हँडल सुटून त्याच्या हातात आलं. काच तशीच.

"अरेच्चा," तो म्हणाला. "ही राहिलीच की. दाराचं आतलं सगळं उघडावं लागेल. एक अख्खा शुक्रवार जाईल."

मुक्ताने रस्त्यावरची नजर हलवली नाही. पण तिचं हसू आरशात मावत नव्हतं.

"एकात होईल?" तिने विचारलं.

सलीलने हातातल्या हँडलकडे बघितलं, थोडा विचार केला, आणि ते शर्टच्या खिशात ठेवून दिलं.

"घाई कशाला करायची?" तो म्हणाला.